आईच्या बाजूचा पट्टा

गाडी आवारात शिरली तेव्हा ताई एका तंबूच्या खिडकीला जाळी शिवत होती. इंजिनाचा आवाज इतका हलका, की तिला आधी चाकांखाली खडी चुरडल्याचंच ऐकू आलं. तिने मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दारातून बाहेर बघितलं. मोठी, काळी, उन्हात लखलखणारी गाडी, आणि स्टिअरिंगमागे धाकटा नवरदेवासारखा ताठ बसलेला. इतकी चांगली वस्तू या घरात सरळ मार्गाने कधी आली होती, ते ताईला काही केल्या आठवेना. विचार भावाबद्दल होता आणि चांगला नव्हता, पण तो आला खरा.

कारखाना हे नाव बाबांनी हौसेने दिलेलं. प्रत्यक्षात ती पत्र्याची एक लांब शेड, त्यात चार मशीन, कापायचं एक टेबल आणि ताडपत्र्यांचे ढीग. शेडला लागूनच घर, मागे आवार, आणि आवाराच्या कोपऱ्यात डबा. लोखंडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेली ती चाकांवरची खोली. आत झोपायची बाकं, एक शेगडी, बाजूला उलगडायचा तंबू. बाबा होते तोवर दरवर्षी सगळं घर त्यात सामान कोंबून तळ्याकाठी मुक्कामाला जायचं. मग बाबा गेले, डबा ओढणारी जीप भंगारात गेली, मधला घर सोडून गेला, आणि डबा सात वर्षं ताडपत्रीखाली मुकाट उभा राहिला. मधल्याचं नाव घरात निघत नसे. निघालंच तर "तो" एवढंच.

हे सगळं परत उकरून निघालं ते आईच्या डोळ्यांमुळे. धाकट्याचं चष्म्याचं दुकान. गेल्या महिन्यात त्याने आईला खुर्चीवर बसवून एकामागून एक भिंगं लावून पाहिली, आणि शेवटी यंत्र बाजूला सारून म्हणाला, की आई, याच्यापुढे नंबर नाही. आईने पदराने डोळे पुसले, रडू आलं म्हणून नव्हे, औषधाचे थेंब ओघळत होते म्हणून. "मग दिसतंय तोवर एकदा तळं बघून घेते," ती म्हणाली. तळ्याकाठच्या हॉटेलात खोली घेऊ, असं ताईचा नवरा म्हणाला तेव्हा आईने त्याला जावई असूनही झटकून टाकलं. खोलीतच झोपायचं तर घर कशाला सोडू, म्हणाली. जायचं तर डब्यातूनच.

डबा ओढायचा म्हणजे दांडगी गाडी हवी. तीत आईला बसता आलं पाहिजे, तिच्या गुडघ्यांना धक्का बसता कामा नये, घरचे सगळे मावले पाहिजेत. अशी नवी गाडी घेण्याची या घरात कोणाची ऐपत नव्हती, म्हणून जुनी, पण चांगल्या घरातली आलिशान एसयूव्ही शोधायची असं ठरलं आणि ती शोधायचं काम धाकट्याने अंगावर घेतलं. इथेच ताईच्या मनात पाल चुकचुकली. दुकानाच्या पाटीचा रंग ठरवायला ज्याने अख्खा पावसाळा घालवला, त्या माणसाने आठवड्याच्या आत गाडी हेरली, पाहिली, आणि दलालासकट दारात आणून उभी केली. भाव विचारला तर म्हणे बाजारापेक्षा बराच कमी. का कमी? तर म्हणे नशीब.

नशिबावर ताईचा विश्वास नव्हता. शेड आईच्या नावावर होती, आणि आईला हल्ली कागदावरची अक्षरं दिसत नव्हती. या दोन गोष्टी ताईच्या मनात नेहमी एका ओळीत यायच्या. चार मशीन, तीन कारागीर आणि तिची स्वतःची उभी हयात त्या पत्र्याखाली होती. धाकटा वाईट नव्हता, पण गोड बोलून काम काढून घ्यायची त्याला लहानपणापासून सवय.

"ताई, ये ना, बसून तर बघ," धाकट्याने खाली उतरत हाक मारली.

"आधी तुझे भावोजी बघतील," ताई म्हणाली.

भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासून निवृत्त झालेला माणूस. जळालेल्या गोदामाकडे बघून लोक हळहळायचे, तेव्हा हे आधी काडेपेटी कुठे आहे ते शोधायचे. निवृत्तीनंतर त्यांना घरात तपासायला फारसं काही उरलं नव्हतं. दूधवाल्याचं माप आणि शेजाऱ्याचं कुंपण, एवढ्यावर भागवावं लागे. आज ते सकाळपासून जुना पायजमा घालून, खिशात बॅटरी आणि मोजपट्टी ठेवून तयार बसले होते.

त्यांनी गाडीचे सगळे दरवाजे उघडले, पायाखालचे गालिचे उचलून नाक लावून हुंगले. सीटखाली हात घालून बोटं उजेडात धरून पाहिली. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि त्याच्या टोकावर बॅटरी मारली. गाडी पुरात बुडालेली असली, तर माणूस सगळं धुतो, पण पट्ट्याचं हे आत गुंडाळलेलं टोक धुवायचं विसरतो, असं ते दलालाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. टोक स्वच्छ निघालं. भावोजींचा चेहरा जरा उतरला.

दलाल डोक्यावर गॉगल चढवून, दोन हातांत दोन मोबाइल धरून साळसूदपणे उभा होता. गाडी एका डॉक्टरसाहेबांची, फक्त घर ते दवाखाना चालली, साहेब परदेशी गेले, असं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. भावोजींनी कसले डॉक्टर ते विचारलं. दलाल म्हणाला, हाडांचे. थोड्या वेळाने टायर बघता बघता भावोजींनी तेच परत विचारलं, तेव्हा ते लहान मुलांचे झाले होते.

"दोन्ही करायचे का?" भावोजींनी शांतपणे विचारलं.

दलाल हसला आणि त्याचा एक मोबाइल अगदी वेळेवर वाजला. तो बोलत बोलत फाटकापर्यंत गेला. ताईने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा गाडीची काच पुसत होता, आणि काच आधीच स्वच्छ होती.

मग भावोजी गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ताई जवळ गेली, तेव्हा त्यांनी बॅटरीचा झोत ट्रेलर जोडायच्या हुकावर टाकला. हूक कोरा करकरीत होता. एकदा जरी काही ओढलं असतं तर त्यावरचा काळा रंग खरवडला गेला असता. विकायला काढलेल्या गाडीला नवीन हूक कोण लावतो, हा भावोजींचा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनी मोजपट्टी काढल्यावर विचारला. हूक जमिनीपासून किती उंच आहे ते त्यांनी मोजलं, मग आवार ओलांडून गेले, डब्यावरची ताडपत्री वर सारली आणि डब्याच्या दांड्याची उंची मोजली. बाबांनी डब्याला भंगारातली लहान चाकं लावली होती, त्यामुळे त्याचा दांडा नेहमीच्या ट्रेलरपेक्षा बराच खाली होता. कुठल्याही गाडीचा हूक त्याला जुळत नसे. जीपलासुद्धा खाली पायरी काढलेली एक जाड पट्टी मुद्दाम बसवून घ्यावी लागली होती. या गाडीला तशीच पट्टी होती, आणि तिची उंची डब्याला बोटभरही कमीजास्त नव्हती.

"हूक आपल्या डब्यासाठी लावलाय," भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा परत टवटवीत झाला होता.

ताई सरळ धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. "गाडी तू आधीच घेतली आहेस. आम्हाला बोलावलंस ते नुसत्या टाळ्या वाजवायला."

"शपथ, नाही घेतली."

"मग हूक कोणी लावला?"

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी बरणीतली बिस्किटं संपली की ज्याचे कान लाल, तोच चोर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, की दलालाला डब्याचं माप फोनवर दिलं होतं, त्याने चांगुलपणाने लावून दिला. दलाल आणि चांगुलपणा हे शब्द एका वाक्यात ऐकून भावोजींना ठसका लागला. ताईने मात्र पुढे काही विचारलं नाही. तिला उत्तर नको होतं, तिला कागद बघायचे होते, आणि कागद धाकटा आईकडून कधी सही करून घेणार आहे, की घेऊन झाली, एवढंच तिला कळायला हवं होतं.

चहाच्या निमित्ताने ती घरात आली. स्वयंपाकघरात धाकटी, धाकट्याची बायको, कप मांडत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. बोलायला कमी, आणि नवऱ्याच्या बाजूने बोलायला कधीही तयार. या दोघींचं आजवर फारसं जुळलं नव्हतं. ताईच्या मते धाकटी नको तितकी गप्प असे आणि धाकटीच्या मते ताई नको तितकी नसे. म्हणून धाकटीने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला, तेव्हा ताईला नवल वाटलं.

"ताई, मला पण काही सांगत नाहीयेत," धाकटी म्हणाली. "या महिन्यात हे आईंना तीनदा डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. औषध एकदाही बदललं नाही. नवीन चिठ्ठी नाही, पावती नाही. मी आईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी हात तपासला."

"हात?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी."

ताईने गॅस बंद केला. तीन वेळा. म्हणजे एकदा वकील, एकदा नोंदणी कचेरी, आणि एकदा बँक, असा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप लागला. हात तपासला म्हणजे अंगठा घेतला. धाकटीने तिच्याकडे स्टूल सरकवलं आणि स्वतः समोर उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला आल्या. धाकटी म्हणाली, की तसं काही निघालं तर मी तुमच्याबरोबर आहे, हे लिहून घ्या. नवऱ्यावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती, आणि ती एका दिवसात लागतही नाही.

आईला बाहेर आणलं गेलं ते चहा झाल्यावर. धाकट्याने तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. आई सावकाश, पाऊल चाचपत चालत होती. तिला आता माणसं आकाराने कळायची आणि वस्तू आवाजाने. टेबलावरचा पेला उचलायचा झाला तरी तिचा हात आधी थोडा फिरायचा, मग पेल्याला लागायचा. उजवा खांदा तर दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून वर जातच नव्हता. ताई गाडीजवळ हाताची घडी घालून उभी होती. बाजूला भावोजी, आणि त्यांच्या मागे धाकटी. धाकट्याने वळून बघितलं तेव्हा आपली बायको कोणाच्या रांगेत उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची चाल जरा अडखळली.

त्याने मागचा डावा दरवाजा उघडला. गाडी उंच होती. आई पायरीपाशी थांबली, तिने डावा हात उचलला आणि सरळ दाराच्या आत, चौकटीच्या वर नेला. तिथे एक कातड्याचा पट्टा लोंबत होता, जाड, हातात मावेल असा. आईने तो न चाचपता धरला, अंगाचा भार त्यावर टाकला आणि एका दमात चढून आत बसली.

ताईने ते पाहिलं. भावोजींनी पाहिलं नाही, ते दलालाकडे बघत होते. धाकटीनेही पाहिलं नसावं. पेल्यासाठी ज्या हाताला दोनदा फिरावं लागतं, तो हात कधीच न पाहिलेल्या गाडीत, कधीच न पाहिलेल्या पट्ट्यावर एका झटक्यात गेला होता.

"तो पट्टा कंपनीचा नाही," भावोजी मागून म्हणाले. "डॉक्टरसाहेबांच्या घरी कोणी अपंग होतं वाटतं." दलालाने लगेच होकार भरला, म्हणाला हो, त्यांच्या मातोश्री. आता डॉक्टरांना मातोश्रीही झाल्या होत्या.

"सगळे जरा बाजूला व्हा," ताई म्हणाली. "मी आईजवळ बसून बघते."

ती दुसऱ्या बाजूने आत शिरली आणि दोन्ही दरवाजे लावून घेतले. बाहेरचे आवाज एकदम बंद झाले. आत नव्या कातड्याचा वास होता. सीटांचं काम उत्तम होतं, हे तिला बसताक्षणीच कळलं. टाके एकसारखे, कोपरे ताणून बसवलेले, कुठे सुरकुती नाही. तिचं बोट सवयीने शिवणीवरून शेवटापर्यंत गेलं. गाठ लपवलेली होती, जशी जगातला प्रत्येक कारागीर लपवतो. मग तिने आईच्या डोक्यावरून हात नेला आणि पट्टा धरला. अंगठा शिवणीवरून खाली घसरत गेला आणि टोकाशी थांबला.

गाठ बाहेर होती.

बाबा शिवण कोणाकडे शिकले नव्हते. तरुणपणी त्यांनी एक फाटका तंबू मिळवला, उलटा करून उसवला, आणि जसं दिसलं तसं शिकले. उलट्या बाजूवरून शिकल्यामुळे जी गाठ आत जायची ती त्यांच्या हातून बाहेर यायची, शेवटच्या टाक्याखाली वळवून, हातोडीने ठोकून चपटी केलेली. पुढे कोणीतरी त्यांना चूक दाखवली. तोवर अर्ध्या गावाच्या ताडपत्र्यांवर ती गाठ जाऊन बसली होती. बाबांनी मग चुकीचाच नियम करून टाकला. दिसते ती गाठ तपासता येते, म्हणायचे. त्यांनी ती आपल्या पोरांना शिकवली. धाकट्याने सुई कधी हातात धरलीच नाही, म्हणून ती गाठ जगात दोघांनाच येत होती. एक ताई, आणि एक तो.

बाबा गेल्यावर वर्षाच्या आत दोघांचं फाटलं. त्याला गाड्यांच्या सीटांचं काम करायचं होतं, कातडं, महागाची गिऱ्हाइकं. ताईला बाबांचे तंबू सोडायचे नव्हते. बोलता बोलता शब्द वाढले आणि शेवटी तो कापायच्या टेबलावर कात्री ठेवून निघाला, तेव्हा ताई त्याच्या पाठीमागून म्हणाली होती, की जा, पण बाबांची गाठ बाहेर नेऊन विकायची नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. शहराच्या दक्षिणेच्या टोकाला त्याने दुकान टाकलं.

कोणाला माहीत नव्हतं, पण त्यानंतर कोणाच्याही नव्या सीट कव्हरच्या गाडीत बसली, की ताईचं बोट शिवणीच्या टोकाला जायचं. काम त्याच्या दुकानातलं आहे असं कळलं, तर हटकून गाठ शोधायची. ती कधी सापडली नाही. त्याने शब्द पाळला होता. तो मोडला असता तर तिला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

"तू या गाडीत आधी बसली आहेस," ताई म्हणाली.

आईने तोंड खिडकीकडे वळवलं. तिथून तिला नुसता उजेड दिसत असणार. "बसले," ती म्हणाली.

"दवाखान्यात गेला नव्हतात तुम्ही."

"दवाखान्यातच निघालो होतो पहिल्यांदा. वाटेत त्याचं दुकान लागलं."

"डोळ्यांचा दवाखाना उत्तरेला आहे, आई."

"मग लांबून गेलो असू," आई म्हणाली, आणि मग ते सोंग तिचं तिलाच झेपेना. ती सांगत गेली. तळ्याला जायचं मनात आहे, हे धाकट्याने त्याच्या कानावर घातलं होतं. त्याच्या एका गिऱ्हाइकाची ही गाडी, सीटांसाठी दुकानात आलेली. गिऱ्हाइकाला ती विकायचीच होती, ती त्याने ठेवून घेतली. इंजिन बघून घेतलं, हूक लावला. डब्याच्या दांड्याची उंची त्याला कोणी सांगावी लागली नाही. जीपची ती पट्टी बाबांबरोबर त्यानेच बसवली होती. मग आईचा हात कुठवर वर जातो ते बघायला बोलावलं. पट्टा एकदा उंच झाला, एकदा आखूड झाला. दोन्ही वेळा त्याने तो उसवला. त्याच्या नावावरून गाडी आली तर ताई फाटकातूनच परत पाठवेल, म्हणून मध्ये दलाल घातला.

"आणि डॉक्टर?"

"तो दलालाच्या डोक्यातला," आई म्हणाली. "मी सांगितलं होतं, एवढं लांबण लावू नको म्हणून."

ताईला हसू आलं नाही. तिला फसवलं होतं, तिघांनी मिळून, आणि तिच्या पाठीमागे आई महिनाभर त्याच्याकडे जात होती. राग यावा इतकं ते नक्कीच होतं, आणि आलाही. पण त्या रागाखाली शेड होती, सुखरूप, आणि अंगठा कुठेच उमटला नव्हता. धाकट्यावर आपण काय काय आळ घेतला ते आठवून तिला लाज वाटली. मग परत पट्टा हाताला लागला, आणि राग परत आला.

"त्याने गाठ लावली," ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं."

"मीही नको म्हटलं. ताईला कळेल म्हटलं."

"मग?"

"तो म्हणाला, कळू दे. गाडी लपवून पाठवतोय तेवढं पुरे, पट्टा नाही लपवणार. आईचा भार ज्याच्यावर पडायचा, त्याला बाबांचीच गाठ. ताईला नको वाटली, तर तिच्या गळ्यात कायम कात्री असते, म्हणाला. कापून टाकू दे."

कात्री खरंच होती, दोरा कापायची लहानशी, गोफात अडकवून गळ्यात घातलेली. ताईचा हात तिच्याकडे गेला. आईला ते दिसलं नाही, पण गोफ हलल्याचा आवाज तिने ऐकला असावा, कारण तिने पट्टा घट्ट धरला. तिच्या हातावरच्या शिरा वर आल्या. एवढा जोर त्या हातात ताईने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. सात वर्षांत आईने तिच्याजवळ त्याच्यासाठी एक शब्दही टाकला नव्हता. आताही तिने काही मागितलं नाही. नुसता पट्टा धरून बसली.

ताईने दाराकडे बघितलं. काचेपलीकडे सगळे उभे होते. धाकटा खालचा ओठ चावत होता, त्याच्यापासून दोन हात दूर त्याची बायको, आणि भावोजी दलालाला काहीतरी विचारत होते, बहुधा डॉक्टरांच्या मातोश्रींचं वय. तिने अंगठ्याने गाठ दाबली. थांबून आणखी एकदा दाबली. हातोडीचा ठोका नेमका मध्ये बसला होता. बाबा याच्यापेक्षा चांगली लावत नसत.

ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून आईच्या बाजूला आली आणि तिने दरवाजा उघडला. सगळे जवळ सरकले. धाकटी तिच्याकडे बघत होती, शेडचं काय ते विचारत, आणि ताईने तिला मानेनेच नाही म्हटलं. धाकटीने एकदम श्वास सोडला आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याच्या दंडाला एक चिमटा काढून.

"गाडी ठेवून जा," ताई दलालाला म्हणाली. "कागद माझ्यासमोर होतील. आणि तुमच्या डॉक्टरांना परदेशीच राहू द्या आता." मग ती धाकट्याकडे वळली. तो मार खायच्या तयारीने उभा होता.

"त्याला फोन लाव."

"कोणाला?" धाकट्याने माहीत असूनही विचारलं.

"ज्याने पट्टा शिवलाय त्याला. म्हणावं, गाठ सैल आहे. रविवारी डबा जोडायच्या आधी येऊन घट्ट करून दे. दोरा इथलाच घ्यायचा, मेण लावलेला."

मग भावोजींनी खिशातून बॅटरी काढली. सैल गाठ म्हणजे त्यांच्या आवडीचं काम. ते पुढे होऊन म्हणाले, की थांबा, मी बघतो, आईंचा भार पडायचाय त्याच्यावर.

"तुम्ही हात लावू नका," ताई म्हणाली.

भावोजींनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी बॅटरी परत खिशात ठेवली आणि म्हणाले, की हो, सैलच दिसतेय. हयातीत त्यांनी न तपासता मंजूर केलेला तो पहिला दावा.

धाकट्याने फोन कानाला लावला होता आणि पलीकडे घंटी वाजत होती. आईला कोणाची वाट बघायची नव्हती. तिने डावा हात वर नेला, पट्टा धरला, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला आणि एकेक पाय सोडत खाली उतरली.